उजव्या बाजूचं चाक

नरहरकाका बिराजदारांच्या घरात तेलाचा थेंब नव्हता. अगदी शब्दशः नव्हता. फोडणीला तूप, डोक्याला काही नाही, देवापुढे तुपाचं निरांजन, आणि दाराची बिजागरी कुरकुरली तर ती खुशाल कुरकुरू द्यायची. आम्ही हैदराबादला अंबरपेठेतल्या त्या इमारतीत नवीन राहायला गेलो तेव्हा मी शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडे भज्यांची ताटली घेऊन गेले. त्यांनी ती आदबीनं घेतली, जुना पेपर पसरला, एकेक भजं पेपरच्या घडीत धरून चांगलं दाबलं, पेपर उजेडाकडे धरून तेलाचा डाग बघितला आणि मग कुठे तोंडात टाकलं. मला रागच आला. आपल्या हातच्या पदार्थाची अशी झडती कुणी घ्यावी हे पुण्याच्या माणसाला सोसत नाही.

"डॉक्टरांनी तेल बंद केलंय का?" मी जरा खोचकच विचारलं.

"नै," ते म्हणाले. "मीच केलो."

'मी केलो', 'मी बघितलो' असं त्यांचं मराठी. मूळ गाव निलंग्याकडचं, शेतकरी घर, पण वडील निजामाच्या काळात हैदराबादला आले ते इथलेच झाले. त्यामुळे मराठवाड्याची बोली, वर दखनीचा 'हौ' आणि 'नक्को', आणि वॉचमनशी तेलुगू. मी आधी मनातल्या मनात त्यांचं व्याकरण दुरुस्त करत असे. वर्षभरात माझीच मुलगी 'हौ आई' म्हणायला लागली तेव्हा तो नाद सोडला.

निखिलची, माझ्या नवऱ्याची, आबिड्सच्या बँकेत बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या नीट लिहून काढायच्या, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हणून असेल, काकांशी माझं जमलं. तेही आयुष्यभर तेच करत होते. सरकारी बसच्या डेपोत तीसेक वर्षं ब्रेक सेक्शनला. गाडी तपासून बाहेर सोडायची ती त्यांच्या सहीनं.

उंच, सडसडीत माणूस. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. नखं इतकी स्वच्छ की मला माझे हात मागे लपवावेसे वाटत. त्यांना प्रत्येक गोष्ट हुंगायची सवय होती. भाजी हुंगायचे, धुतलेला रुमाल हुंगायचे, शेकहँड केला की नकळत हात नाकाशी जायचा. शनिवारी मारुतीच्या देवळासमोर तेलाच्या बाटल्या घेऊन रांग लागते, त्या दिवशी ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायचे. आणि एक वाक्य ते दर चार दिवसांनी ऐकवायचे: "इंजिन माणसाला नेतंय. घरी आणतंय ते ब्रेक." मी एकदा म्हटलं, काका, हे तुम्ही पाटीवर रंगवून घ्या. तर म्हणाले, "रंगविलो होतो. डेपोत. नंतर कुणीतरी पुसला."

तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट आणि दारासमोरच त्यांची गाडी. पांढरी, जुनी, लहानशी. ती लोखंडी स्टँडवर चढवलेली असायची, चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर. वच्छलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यापासून ती चालवली नव्हती. काकू अपघातात गेल्या आणि त्या वेळी त्याच ही गाडी चालवत होत्या, एवढंच मला यादगिरीनं, आमच्या वॉचमननं, सांगितलं होतं. पन्नाशीत गाडी शिकल्या होत्या म्हणे, आणि काकांपेक्षा चांगली चालवायच्या. काकांना स्वतःला कधी स्टिअरिंगवर बसायची हौस नव्हती. ते डावीकडे बसत.

यादगिरीनं आणखी एक सांगितलं होतं. "मॅडम, उस गाडी के नीचे बिल्ली बी नै बैठती."

मी हसले. पण दुसऱ्या दिवसापासून लक्ष ठेवायला लागले, कारण माझा धंदाच तो. आमच्या पार्किंगमध्ये पाच मांजरं. भर दुपारी उन्हानं फरशी तापली की ती एकेका गाडीखाली सावली धरून पडायची. काकांच्या गाडीखाली सगळ्यात जास्त जागा होती, कारण ती उचललेली. तिथे कधी एकही मांजर दिसलं नाही.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी मला चांगली आठवते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारं, अवजारं पूजेला मांडतात. मी लॅपटॉपवर एक फूल ठेवून मोकळी झाले होते. खाली आले तर काका वर्तमानपत्र अंथरून गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी बसलेले. चाक काढून बाजूला ठेवलेलं, हातात तारेचा ब्रश.

"काय करायलात?" मी त्यांचीच बोली उचलली होती.

"कॅलिपर रंगवायलो. बस. शिक."

त्यांनी शिकवलं तसं मला कॉलेजातही कुणी शिकवलं नाही. चाकाबरोबर फिरणारी ती चकचकीत थाळी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा लोखंडी पंजा म्हणजे कॅलिपर. पेडल दाबलं की पंजा आवळतो, थाळी थांबते, गाडी थांबते. या गाडीला पुढच्या दोनच चाकांना डिस्क, मागे ड्रम. आधी ब्रशनं गंज खरवडायचा, मग थिनरच्या फडक्यानं पुसायचं, रबराच्या भागांना चिकटपट्टी लावायची, डिस्कला पेपरची कुंची घालायची. मगच रंग. उष्णतेनं जळत नाही असा लाल रंग, लहानशा कुंचल्यानं, तीन हात, प्रत्येक हात आधीचा वाळल्यावर.

"हात हलका ठेव. जाड लावलीस तर पापड सुटतोय," ते म्हणाले. "आणि डिस्कवर थेंब नक्को. काहीच नक्को. रंग नक्को, तेल नक्को, बोट बी नक्को. डेपोत कुणी डिस्कला बोट लावलं तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवत होतो."

"पण ही दिसणार कुणाला? पोरं रंगवतात ती मिरवायला. तुमची गाडी तर हलतही नाही."

"डेपोत काळा लावायचो. घरच्या गाडीला बी काळाच लावलो होतो. ती म्हणाली, सणाला काळं कशाला? मग लाल."

काकूंचं नाव ते घेत नसत. 'ती' म्हणत, आणि म्हणताना जिन्याकडे नाही तर गाडीकडे बघत.

त्या डाव्या बाजूच्या डिस्कवर तांबूस गंज चढलेला होता. काकांनी तो दाखवला. "उभ्या गाडीची डिस्क अशीच होतेय. हवेनं बी गंजतेय. चालती गाडी असली की घासून घासून आरशासारखी." मग रंग वाळल्यावर चाक बसवलं आणि ब्रेक तपासायचा खेळ केला. हे काम दोघांचं. एक जण पेडलवर बसतो, दुसरा चाक फिरवतो. चाकवाल्यानं ओरडायचं, "दाब!" पेडलवाला दाबतो. चाक थांबलं की चाकवाला म्हणतो, "लागला." मग "सोड." चाक मोकळं झालं की "सुटला." डेपोत दिवसभर हाच गजर चालायचा म्हणे. मी चाक फिरवत होते, काका पेडलवर. "दाब!" म्हणताना मी संकोचले, तर आतून ओरडले, "कामात अहोजाहो नक्को!" मला फार मजा आली.

उजव्या चाकाकडे वळले तर त्यांनी मला थांबवलं.

"ती बाजू मी बघतो. तू वर जा."

"अहो, हे दोघांचं काम आहे म्हणालात ना?"

"हौ," ते म्हणाले. "दोघांचंच आहे."

मी जिन्यात गेले आणि थांबले. चोरून बघणं वाईट हे मला कळतं, तरी थांबले. जिन्याच्या जाळीतून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी चाक काढलं, आणि त्या पाठीआडून क्षणभर डिस्क दिसली. ती गंजलेली नव्हती. नव्या स्टीलच्या वाटीसारखी लखलखत होती. काका फडक्यानं बराच वेळ काहीतरी पुसत राहिले. फडकं हुंगलं. मग कॅलिपरला रंग लावला, पंख्यानं वारा घालत तासभर बसून राहिले, चाक बसवलं, हातानं जोरात फिरवलं, आणि रिकाम्या गाडीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "दाब."

चाक घरघरत फिरत राहिलं आणि आपलं आपण हळूहळू मंदावत थांबलं. ड्रायव्हरच्या सीटवर अर्थातच कुणी नव्हतं. काका तसेच उभे होते. "नै लागला," ते म्हणाले, आणि पेपर गोळा करायला लागले.

एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या काही तऱ्हा असतात, असं मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या एकटीच्याही कमी नाहीत.

पुढच्या वर्षी लाल रंग संपला म्हणून मी काकांबरोबर आबिड्सला गेले. ऑटोत त्यांनी आधीच बजावलं, "पुलावरनं नक्को." ऑटोवाल्यानं गर्दी बघून नेमका पूल घेतला. चढताना काका ठीक होते. उतार सुरू झाला तसा त्यांनी उजवा पाय ऑटोच्या पत्र्यावर दाबून धरला, इतका की गुडघा थरथरायला लागला. डोळे मिटलेले. उतार संपून ऑटो सपाटीला लागला तेव्हा डोळे उघडून त्यांनी डावीकडच्या कठड्याकडे बघितलं आणि नमस्कार केला. मला तेव्हा कळलं, अपघाताची जागा ही होती. त्यांच्या हातावर हात ठेवावा असं फार वाटलं, पण ठेवला नाही, आणि त्याची चुटपुट अजून आहे.

रंगाचं दुकान आबिड्सच्या मागच्या गल्लीत, जुनं. दुकानदार काकांच्याच वयाचे, दाढीवाले, ओळखीचे. डबा काढता काढता म्हणाले, "हर साल लेतें आप. गाडी चलती है क्या अब्बी?"

"चलती है."

"कौन चलाता?"

काका डब्याचं झाकण बोटानं दाबून बघत होते. "घरवाली," ते म्हणाले.

दुकानदार माशाल्ला म्हणाले आणि डबा पेपरात बांधायला लागले. त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. बाहेर रस्त्यावर एवढी रणरण, माणसांची एवढी रेटारेटी, आणि माझ्या हातांवर काटा आला. परत येताना मी हळूच विचारलं, "काका, असं का सांगितलंत?"

"खोटं बोलता येत नै मला," ते म्हणाले.

तिसऱ्या वर्षी मी तयारीनं जिन्यात उभी राहिले. डाव्या डिस्कवर गंज, उजवी लखलखीत, हे पुन्हा तसंच. पण एक गोष्ट माझ्या तपासणाऱ्या डोक्यात बसेना. आदल्या वर्षी काकांनी ती थिनरनं कोरडी ठणठणीत पुसलेली मी पाहिली होती. कोरडं लोखंड वर्षभरात गंजायलाच हवं. गंज धरत नाही तो फक्त तेल लावलेल्या लोखंडाला. आणि तेल तर त्या माणसाच्या घरात भज्यालासुद्धा चालत नव्हतं. मी यादगिरीला विचारलं, वर्षात कधी काका ते चाक काढतात का? तो म्हणाला, कधीच नाही, तो चोवीस तास समोर बसलेला असतो. मग आवाज खाली करून म्हणाला, "उनो नै निकालते, मॅडम. बस दशहरे के पहले दिन. बाकी आप मत पूछो." त्यानंतर मी त्या गाडीच्या उजव्या अंगानं जायचंही टाळायला लागले. कुणी विचारलं असतं तर कबूल केलं नसतं, पण पिशव्या घेऊन लांबचा वळसा घालायचे.

गेल्या वर्षी श्रावणात काकांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, चालता येत होतं, पण उजवा हात लुळा पडला. त्यांची मुलगी मंजू दिलसुखनगरला राहते. तिनं ठरवलं की बाबांनी आता एकटं राहायचं नाही, दसऱ्याच्या दुपारी न्यायला येते. गाडी भंगारात द्यायचंही तिनंच ठरवलं. तिचं काही चुकत नव्हतं. काका सगळ्याला हौ म्हणाले. फक्त म्हणाले, "खंडेनवमी होऊ दे."

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. निखिल पुण्याहून एकटाच गाडी घेऊन निघाला होता. सोलापूर सोडल्याचा मेसेज आला होता, त्यानंतर फोन लागत नव्हता. मी तसाच फोन हातात धरून खाली गेले. काकांनी सगळं मांडून ठेवलं होतं. पेपर, तारेचा ब्रश, थिनर, लाल रंग, फडकी.

"या वर्षी उजवं चाक तू काढ," ते म्हणाले.

मी नट सोडवले, चाक ओढून बाजूला ठेवलं आणि तिथेच बसले. डिस्क आरशासारखी होती, आणि तिच्यावर तळहाताएवढं कुंकवाचं स्वस्तिक होतं. ओलं. तेलात कालवलेल्या कुंकवाचं. रेघा अशा सरळ की काढणाऱ्या बोटाला जराही कंप नव्हता. माझ्या शेजारी उभ्या माणसाचा उजवा हात खुंटीवरच्या शर्टासारखा लोंबत होता.

"कुणी काढलं हे?"

"तीच काढतेय. दर वर्षी," काका म्हणाले, आणि स्टुलावर बसले. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी मंजूलाही कधी सांगितलं नव्हतं.

काकू गेल्या त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी कॅलिपर पहिल्यांदाच लाल रंगवले होते आणि कौतुकानं काकूंना दाखवायला बोलावलं होतं. चाक अजून बसवलं नव्हतं. काकू पूजेचं ताट घेऊनच आल्या. लाल रंग बघून खूश झाल्या, आणि ती डिस्क इतकी सुरेख चमकत होती की काकांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी तिच्यावर स्वस्तिक रेखलं. लोखंडावर नुसतं ओलं कुंकू ठरत नाही म्हणून त्या ते तेलात कालवायच्या.

"मी म्हणालो, अगं तिथे नक्को, पुसतो ते. तर हात धरली माझा. म्हणाली, सणाच्या दिवशी कुंकू पुसता? माझ्या देखत? वेड लागलं काय?" काका थांबले. "तीस वर्षं मी बोट लावल्याबद्दल लोकांना घरी पाठविलो, बघ. मला ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. पण तिचं कुंकू. हात उचलला नै. म्हटलं, सकाळी पूजा उतरवून हळूच थिनर मारतो. वरनं चाक बसविलो. पाने-बिने, सगळी हत्यारं पूजेला लागली, मग त्या दिवशी हात लावायचा नसतोय. सकाळी मी आंघोळीला गेलो आणि ती गाडी काढून गेली. इथे सगळे जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाटतेत. तिला आपटाच पाहिजे होता. पुलापलीकडं मैत्रिणीच्या अंगणात झाड होतं."

पुढचं मला माहीत होतं. पुलाचा उतार. डावा ब्रेक धरला, उजवा घसरला, गाडी डावीकडे ओढली गेली. लोक म्हणाले, बाईमाणूस, वय झालेलं, ताबा सुटला. काकांनी ते ऐकून घेतलं. गाडीची डावी बाजू नवी करून घेतली. उजवी तशीच ठेवली.

"दर वर्षी मी पुसतोय," ते म्हणाले. "दर वर्षी ती परत काढतेय. दर दसऱ्याला ती निघतेय आणि ब्रेक लागत नै. मी पुसलेलं तिला मान्यच नै. बरोबर आहे. नवऱ्यानं कुंकू पुसायचं नसतं. सवाष्णीनं पुसलं तर ती ऐकेल." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "तुला सांगायलो हे चांगलं नै. इतकी वर्षं म्हणून बोललो नै. उद्या गाडी जाणार. तू नको म्हणालीस तर मी काही म्हणणार नै."

मी टिकली लावत नाही. मंगळसूत्र लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कपाटात ठेवलं ते तिथेच आहे. हळदीकुंकवाला गेले तर मी तिळगुळासाठी जाते. हे सगळं मी तिथे उकिडवी बसून स्वतःला बजावत होते आणि माझा हात फडक्याकडे जात नव्हता. खंडेनवमीला, नवरा हायवेवर असताना, फोन लागत नसताना, कुंकू पुसायचं. मी पुन्हा फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. त्या क्षणी मला वच्छलाकाकूंचा हात दिसल्यासारखा झाला, काकांचं मनगट धरलेला, आणि मला कळलं की तीस वर्षं ब्रेक तपासणारा माणूस का गप्प बसला असेल. मी घाबरले होते. सरळ सांगायचं तर मला रडू येत होतं.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही पुसायला सकाळपर्यंत थांबलात म्हणून झालं ना हे?"

"हौ."

मी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि पुसलं. एकदा, दोनदा, डिस्कच्या आतल्या कडेपर्यंत. फडकं लाल झालं. दुसरं घेतलं. ते पांढरं निघेपर्यंत पुसत राहिले. काकांनी डावा हात पुढे केला. मी फडकं दिलं. त्यांनी ते हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि होकारार्थी मान हलवली. मग मी उजवं कॅलिपर रंगवलं, हलक्या हातानं, तीन वेळा. चाक बसवलं. संध्याकाळी चहाच्या वेळी निखिलचा फोन आला, झहीराबादला चहा प्यायलोय, आवाज असा का येतोय तुझा? मी म्हटलं, थिनरचा वास बसलाय घशात.

दसऱ्याला दुपारी मंजू आली आणि काकांना घेऊन गेली. त्यानंतर महिन्याभरात ते दिलसुखनगरलाच वारले, झोपेत. मी भेटायला जायचं म्हणत राहिले आणि गेले नाही. म्हणून माझ्या लेखी काकांची शेवटची भेट म्हणजे दसऱ्याची सकाळ.

ऊन नुकतं पार्किंगमध्ये शिरलं होतं. यादगिरी गेटला झेंडूचं तोरण बांधत होता. काका दाढी करून, गळ्याचं बटण लावून बाहेर आले. खिशात आपट्याचं एक पान होतं, कुठून मिळवलं कोण जाणे. मला वाटलं पेडलवर बसतील. ते गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडून आत बसले.

"काका, पेडल इकडे आहे."

"मला ठाऊक आहे. तू चाक फिरव."

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. मी मुद्दाम वाकून नीट बघितलं. काकांनी पान डॅशबोर्डवर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले, लुळा हात चांगल्या हातात धरून. मी उजव्या चाकाशी बसले आणि ते जोरात फिरवलं. सवयीनं तोंडून निघणार होतं, दाब. तोवर आतून काका म्हणाले, "दाबा म्हण. तुझ्यापेक्षा मोठी आहे ती."

चाक घरघरत होतं.

"दाबा, काकू," मी म्हटलं.

चाक थांबलं. मंदावलं नाही. खटकन, जिथल्या तिथे. मी दोन्ही हातांनी जोर लावून ढकलून बघितलं. कुणीतरी आतून घट्ट धरून ठेवावं तसं ते जराही हललं नाही. मी मान वर केली. काका समोर बघत नव्हते. उजवीकडे वळून बघत होते.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागला, काका."

चाक तसंच धरलेलं होतं, माझे हात त्यावर होते. मग त्यांनी, मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात, त्या रिकाम्या सीटला सांगितलं, "सोड आता."

माझ्या हातांखाली चाक मोकळं झालं.

"सुटला," मी म्हटलं.